स्वागताचं काम तेजस्विनीकडे

‘अंगणशाळा’ हा फोनवरचा ग्रुप. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे आईवडील त्यात होते, आणि तसं करावं की करू नये या विचारानं अर्धमेले झालेलेही होते. हे दुसरे जास्त. त्यांच्यातलं कुणी भीत भीत आत आलं, की त्याला पहिला निरोप जायचा तो धायरीच्या तेजस्विनीचा. हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं. फार पूर्वी एका नव्या बाईला तिनं सहज लिहिलं होतं, ‘या. घाबरू नका. इथं तुम्हाला कुणी वेडं म्हणणार नाही, आम्ही सगळे आधीच वेडे ठरलेलो आहोत.’ ते वाचून त्या बाईला रडू फुटलं म्हणे. तिनं ते ग्रुपवर सांगितलं, आणि तेव्हापासून स्वागताचं काम तेजस्विनीच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

ग्रुप काढला होता कोथरूडच्या मंजिरीताईंनी. त्यांची दोन्ही मुलं घरी शिकून आता परदेशात होती. त्या म्हणायच्या, “स्वागत तेजस्विनीच करेल. आम्ही केलं की लोकांना सोसायटीची नोटीस आल्यासारखं वाटतं.”

तर दुपारची जेवणं उरकली, सासऱ्यांचा डोळा लागला, सासूबाईंना गोळ्या देऊन कुशीवर वळवून झालं, की तेजस्विनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टूल ओढून बसायची आणि फोन उघडायची. कुठली कोण बाई, तिचं लेकरू शाळेत जाताना ओकतं. कुठला कोण बाप, त्याच्या मुलाला बाईंनी ‘मठ्ठ’ म्हटलं. तेजस्विनी प्रत्येकाला वेगळं लिहायची. मुलाचं नाव विचारायची, त्याला काय आवडतं ते विचारायची. आणि शेवटी स्वतःचं सांगायची: मी औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होते, लेकीसाठी नोकरी सोडली, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात हलका दिवस होता.

ते खरंच होतं. तिची लेक शेफाली दुसरीत असताना वर्गात बोलेनाशी झाली. घरी चुरूचुरू बोलणारी पोरगी शाळेच्या फाटकातून आत गेली की तोंडाला कुलूप. डॉक्टर म्हणाले, भीतीनं होतं असं, दटावू नका. बाई म्हणाल्या, हट्टी आहे. एक दिवस ‘बोलल्याशिवाय खाली बसायचं नाही’ म्हणून बाईंनी तिला उभं ठेवलं. तिनं लघवीला जायचं म्हणूनही तोंड उघडलं नाही. संध्याकाळी तेजस्विनी कामावरून आली तेव्हा पोरगी वाळलेल्या, वास येणाऱ्या फ्रॉकमध्ये कोपऱ्यात बसली होती आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हती.

तेजस्विनीनं त्याच आठवड्यात ठरवलं. पण ठरवणं वेगळं आणि सर्जेरावांपुढे मांडणं वेगळं. सर्जेराव म्हणजे तिचे सासरे. धायरी गाव होतं तेव्हाची त्यांची शेती. गाव शहरात गेलं तशी शेतीची इमारत झाली. खाली रस्त्याला लागून गाळे, मधल्या मजल्यावर भाडेकरू, वर स्वतः. मुलगा रणजित वाळू-सिमेंटच्या धंद्यात. घरात शब्द मात्र सर्जेरावांचाच. तेजस्विनी दोन दिवस मनात भाषण घोकत होती. कायद्यात काय आहे, मुक्त विद्यालयाची परीक्षा कशी देता येते, डॉक्टर काय म्हणाले. रणजितला तिनं आधीच बजावलं होतं, मध्ये बोलू नकोस.

सर्जेरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुपारी कातरत म्हणाले, “मंग बरंच झालं की. पोरगी बी घरात, तू बी घरात. नोकरीपायी पळापळ चाललीच हुती तुझी.”

झालं एवढंच. वाद नाही, रुसवा नाही. सासूबाईंनी, आनंदीबाईंनी, त्या रविवारी पुरणाच्या पोळ्या केल्या. तेजस्विनीला वाटलं, आपण जिंकलो. माहेरी फोन करून तिनं सांगितलं, की माणसं वाटतात तशी जुन्या वळणाची नाहीत.

जिंकलेली लढाई इतकी सोपी का होती, हे कळायला तिला काही वर्षं लागली.

पहिली दोन वर्षं मात्र सोन्यासारखी गेली. शेफाली हळूहळू उमलली. मायलेकी सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन पानं गोळा करायच्या, स्वयंपाकघरात लिंबाच्या रसानं अदृश्य अक्षरं काढायच्या. शेफाली भाडेकरूंच्या मुलांना गोष्टी सांगायला लागली, मग वाण्याशी बोलायला लागली, मग सगळ्यांशीच. पण आई घरातच आहे म्हटल्यावर एकेक काम तिच्या दिशेनं घरंगळत यायला लागलं. भाडेकरूच्या नळाची तक्रार तेजस्विनीकडे. रणजितच्या धंद्याची बिलं तेजस्विनीकडे. चुलतसासऱ्यांच्या घरचं लग्न, तर तिकडच्या चार दिवसांच्या पंगतीचं बघायला तेजस्विनी. ‘ती हाय की घरात.’ हे वाक्य घरात इतक्यांदा बोललं जायचं, की शेफालीसुद्धा लहानपणी खेळताना बाहुलीला तसंच म्हणायची.

मग आनंदीबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. त्यांना उठवणं, धुणं, भरवणं, हाताचे व्यायाम, सगळं तेजस्विनीवर आलं. तिनं ते मनापासून केलं. आनंदीबाई तिला कधी टाकून बोलल्या नव्हत्या. पण जुन्या प्रयोगशाळेतून परत येण्याबद्दल विचारणा झाली, तेव्हा उत्तर द्यायच्या आधी तिनं घरात कुणाला विचारलंही नाही. विचारायचं काय होतं? तिनं ‘सध्या जमणार नाही’ कळवलं आणि त्याच दुपारी ग्रुपवर जळगावच्या एका बाईला लिहिलं, ‘या. घाबरू नका.’

लिहिताना तिला बरं वाटायचं. त्या स्टुलावर ती अजून तीच होती, शाळेशी भांडून लेकीला सोडवून आणणारी. स्टुलावरून उठली की नव्हती.

शेफाली बारा वर्षांची झाली त्या मार्चमध्ये एका सकाळी अपूर्णांकांची वही पुढ्यात ठेवून ती म्हणाली, “आई, मला शाळेत जायचंय.”

तेजस्विनी आनंदीबाईंची भाकरी दुधात कुस्करत होती. “का गं?”

“अशीच. खालच्या मजल्यावरची ओवी जाते तिथं. त्या सगळ्या मुली मधल्या सुट्टीत गोल करून डबा खातात. मला तो गोल बघायचाय.”

“बघायचाय म्हणजे एक दिवस?”

“नाही. रोज.”

बोलताना तिच्या आवाजात भीतीचा लवलेश नव्हता. खरं तर याच दिवसासाठी तेजस्विनीनं सगळं केलं होतं. पण तिला आनंद झाला नाही, आणि का झाला नाही ते तिला स्वतःशीही कबूल करवेना. लेक शाळेत गेली तर ती घरात कशासाठी राहणार? आणि कशासाठीही नसताना ती घरातच राहणार, हे तिला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. शिवाय ग्रुप. मंजिरीताई जुलैच्या मेळाव्यात तिला बोलायला उभं करणार होत्या, विषय होता ‘आमची शेफाली’. तिथं काय सांगायचं, की आमची शेफाली निघाली शाळेत?

“बघू,” ती म्हणाली.

शेफालीनं तो विषय पुन्हा काढला नाही. पण दिवसभरात ती नेहमीपेक्षा कमी बोलली, आणि दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. तेजस्विनीला ती शांतता ओळखीची होती.

रात्रीच्या जेवणाला तिनं रणजितजवळ विषय काढला. तो म्हणाला, “चांगलं चाललंय ना? कशाला उगाच? आणि शाळेच्या वेळा, डबे, पालकसभा, आईचं सगळं सांभाळून तू कुठं कुठं पुरणार?” त्याच्या बोलण्यात तिच्याबद्दल काळजीच होती. तिला त्या काळजीला तोंड देता येत नसे. रागाला उत्तर देता येतं.

अशातच मे महिन्यात ग्रुपवर कौशल्या आली. खडकीला राहणारी, नवरा वैजनाथ दारूगोळा कारखान्यात, राहायला तिथलंच क्वार्टर. मूळची परभणीकडची माणसं. ती स्वतः एका खासगी दवाखान्यात नर्स होती. लेकीचं नाव रुपाली, दहा वर्षांची, बोलताना अडखळायची आणि वर्गातली मुलं तिची नक्कल करायची. तेजस्विनीनं नेहमीसारखं लिहिलं. कौशल्यानं उलट फोनच केला.

“ताई, मी तुमचं सगळं मागचं वाचून काढलंय बघा. लेकरू रोज रडायलंय. तुम्ही सोडली ना नोकरी, तसं मी बी सोडायलेय. महिनाअखेर राजीनामा देते. तेवढं एकदा भेटा मला. तुम्हाला बघितलं ना, की माझा जीव घट्ट होईल.”

“भेटू,” तेजस्विनी म्हणाली. पण घरातून एकटीनं बाहेर पडायला निमित्त लागायचं. कुणी अडवत नसे. फक्त ‘कुठं निघालीस?’ म्हणून चौघं विचारत, आणि उत्तरात घरासाठीचं काही नसेल तर ते उत्तर हवेत लोंबकळत राहायचं. नशिबानं लोणच्याच्या कैऱ्या मंडईतूनच आणायच्या हा आनंदीबाईंचा जुना दंडक होता. शेफालीला आजीजवळ बसवून, खालच्या भाडेकरू विमलाबाईंना अधूनमधून डोकावायला सांगून, दोन पिशव्या घेऊन तेजस्विनी निघाली.

मंडईजवळच्या एका रसवंतीत त्या दोघी भेटल्या. कौशल्या तिच्याहून लहान होती, अंगावर दवाखान्याचा पांढरा कोट तसाच, कामाची पाळी संपवून थेट आलेली. तिनं खाली वाकून नमस्कारच केला. तेजस्विनीला अवघडल्यासारखं झालं.

“अहो, हे काय.”

“असू द्या ताई. तुमच्यासारखं धाडस करायचंय मला.”

उसाचा रस आला. रुपालीबद्दल बोलणं झालं. वाचून दाखवताना अडखळते की बोलतानाच? गाणं म्हणताना? गाणं म्हणताना नाही, कौशल्या म्हणाली आणि हसली. तेजस्विनीलाही मोकळं वाटू लागलं. हे तिला येत होतं. मग तिनं सहज विचारलं, “घरचे काय म्हणतात?”

“त्यांचं काही नाही ताई. मला वाटलं होतं भांडण होईल. पण हे तर लगेच हो म्हणाले. म्हणाले, बरंच झालं, तू घरी राहशील. सासूबाईंनी तर गावाकडून फोन केला. म्हणाल्या, मग मी बी येते तिकडंच राहायला, आता तू घरातच हायेस म्हटल्यावर.”

तेजस्विनीनं हातातला पेला टेबलावर ठेवला. समोरची बाई आनंदानं सांगत होती, आणि तिला मात्र सुपारी कातरल्याचा आवाज कानात आल्यासारखा झाला.

“कौशल्याताई,” ती म्हणाली, “नोकरी सोडू नका.”

कौशल्याला वाटलं तिनं चुकीचं ऐकलं. “काय म्हणालात?”

“रुपालीला घरी शिकवायचं तर जरूर शिकवा. मी मदत करते. तुमच्या कामाच्या पाळ्या असतात, वैजनाथरावांच्याही असतात. दोघं वाटून घ्या. नाहीतर शाळा बदला, नाहीतर वर्षभर दोन्ही करून बघा. काहीही करा, पण नोकरी हातची जाऊ देऊ नका. बाई घरात बसली की घर तिच्याभोवती भरत जातं. मग तिला उठायचं म्हटलं तरी उठायला जागा राहत नाही.”

“पण तुमचं तर चांगलं झालं.”

“माझ्या लेकीचं चांगलं झालं.”

कौशल्यानंही पेला खाली ठेवला. मग तिचा आवाज बदलला. “ताई, तुम्ही लिहिलंय, नोकरी सोडली तो सगळ्यात हलका दिवस होता. मी ते आमच्या यांना वाचून दाखवलंय.”

“तो दिवस हलकाच होता. ते खोटं नाही. त्याच्या पुढचे दिवस मी लिहिले नाहीत.”

“मग लिहा की.” कौशल्या रागावली होती, पण तिचा राग आपल्या माणसावर असतो तसा होता. “बाया वाचतात ना ते. मी वाचलं. माझ्यासारख्या अजून किती असतील. तुम्ही दारात उभ्या राहून या या म्हणायलात, आणि आत काय हाय ते सांगेना गेलात.”

मग तेजस्विनीनं खरंच सगळं सांगितलं. नळाच्या तक्रारी, बिलं, प्रयोगशाळेला दिलेला नकार, शेफालीचा गोल. घरातल्या माणसांची नालस्ती तिनं केली नाही. करण्यासारखं कुणी वाईट वागलंही नव्हतं. “मला कधी कधी वाटतं,” ती म्हणाली, “की मी कोंडली गेलेय आणि दाराला कडी नाहीच. मग ओरडायचं तरी कुणाच्या नावानं?”

परतताना कैऱ्या घ्यायची आठवण तिला कौशल्यानंच केली.

पुढचं जे घडलं ते कौशल्याच्या भाबडेपणामुळे. तिनं राजीनामा दिला नाही. आणि उपकार मानायचे म्हणून ग्रुपवर भलामोठा निरोप लिहिला. तेजस्विनीताईंनी माझे डोळे उघडले. त्यांना स्वतःला घरात कोंडल्यासारखं होतं, तरी माझ्यासाठी त्यांनी वेळ काढला. नोकरी सोडू नका म्हणाल्या. अशा ताई सगळ्यांना मिळोत.

तेजस्विनीनं तो वाचला तेव्हा ती आनंदीबाईंच्या खोलीत होती. निरोपाखाली तोपर्यंत लोकांचे प्रश्न सुरू झाले होते. ताई, हे खरं आहे का? मग आम्हाला का नाही सांगितलं? मी गेल्या वर्षी तुमचं ऐकून सोडली. हे शेवटचं वाक्य ज्या बाईचं होतं, तिला लिहिलेले शब्दही तेजस्विनीला आठवत होते.

मंजिरीताईंचा फोन आला. “तुझं म्हणणं खरं असेलही,” त्या म्हणाल्या. “पण खरं बोलायची एक वेळ असते गं, आणि ती शाळांच्या प्रवेशाच्या हंगामात नसते.”

“मी आता पुढचं स्वागत लिहिताना तेही लिहीन म्हणते.”

“म्हणजे पाहुण्याला पाट मांडायचा आणि भात कच्चा आहे म्हणून सांगायचं.” मग मंजिरीताईंनी आवाज मऊ केला. “तू थोडी विश्रांती घे. स्वागताचं दुसऱ्या कुणाला तरी बघू दे. आणि मेळाव्याचंही राहू दे या वर्षी.”

एवढ्यावर भागलं असतं. पण ग्रुपवर रणजितची चुलतभावजय होती. तिला तेजस्विनीनंच आत आणलं होतं. तिच्या फोनवरून तो निरोप भावकीत फिरला आणि संध्याकाळी चहाच्या वेळेला सर्जेरावांपर्यंत पोचला.

त्यांनी तिला बाहेर बोलावलं. रणजितही होता. शेफाली आतल्या दाराशी उभी होती. सर्जेराव चिडलेले नव्हते, दुखावलेले होते, आणि ते तेजस्विनीला जास्त जड गेलं.

“कोन कोंडतंय तुला?” ते म्हणाले. “दार उघडं हाय. गाडीची किल्ली खुंटीला हाय. कवा कुनी जाऊ नगं म्हनलं, त्याचं नाव सांग.”

तिनं हातातली किटली खाली ठेवली.

“सांग की. भावकीत तोंड दाखवायची चोरी झाली. सर्जेरावाची सून म्हंती मला कोंडलंय. टाळं कुठं लावलंय तेवढं दाव, मी आत्ता तोडतो.”

तिला टाळं दाखवता येईना. तिनं एकदा रणजितकडे बघितलं. तो चहाच्या कपात बघत होता. तिला वाटलं, बोलावं. पण जे सांगायचं ते इतकं बारीक बारीक होतं, की सांगताना तिचं तिलाच क्षुल्लक वाटलं असतं. नळ, बिलं, पंगत. ती म्हणाली, “मामा, मी तुम्हाला दोष दिला नाही.”

“मंग कुनाला दिला?”

तेव्हा दारातून शेफाली म्हणाली, “आजोबा, मला शाळेत जायचंय.”

सगळ्यांनी वळून बघितलं. पोरीचा आवाज थरथरत होता, पण ती थांबली नाही. “मी आईला सांगितलं होतं मार्चमध्ये. ती बघू म्हणाली. मला ओवीच्या शाळेत जायचंय, रोज.”

सर्जेरावांचा नातीवर जीव. वर्गात मुकी झालेली ही पोर सगळ्यांसमोर उभी राहून बोलते आहे, हे बघून त्यांचा सगळा रागच विरघळला. “जा की मंग,” ते म्हणाले. “कोन नगं म्हनतंय? उद्या जाऊन हेडमास्तरांना भेटतो. रणजित, तू बी चल.” मग सुनेकडे वळून, अगदी समजुतीनं, “बघ. नुसतं सांगायचं आसतं. झालं का न्हाई काम?”

झालं खरंच. वयाप्रमाणे सातवीत प्रवेश मिळाला. गणवेश आला, दप्तर आलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या सकाळी सर्जेराव स्वतः नातीला फाटकापर्यंत सोडून आले. तेजस्विनी वरून गॅलरीतून बघत होती. तिला लेकीचा फार अभिमान वाटत होता, आणि त्याच वेळी एक हलकट विचारही मनात होता, की ती सुटली. तिनं त्या विचाराला तोंड वर काढू दिलं नाही. मग आतून आनंदीबाईंची हाक आली.

पहिल्या आठवड्यात शेफाली घरी आली की धबधब्यासारखी बोलायची. गोलात कुणाशेजारी बसले, कुणाच्या डब्यात काय, विज्ञानाच्या सरांना ‘ण’ म्हणता येत नाही. पुढं ते कमी होत गेलं. “आज काय झालं?” विचारलं, की “काही नाही, नेहमीसारखं,” म्हणून ती दप्तर टाकून खाली ओवीकडे पळायची. घरातलं कुणीतरी म्हणेल असं तिला वाटलं होतं, की आता तुझा दिवस मोकळा झाला. तसं कुणी म्हटलं नाही. मोकळा झालेला दिवस दोन दिवसांतच भरला. रणजितनं नव्या गोदामाची बिलंही घरीच पाठवायला सुरुवात केली.

ग्रुपमध्ये ती होती, पण नुसती. स्वागताचं काम आता नाशिकची एक बाई करायची. ती तेजस्विनीचीच वाक्यं उचलून लिहायची, अगदी ‘घाबरू नका’सकट, आणि ‘हलका दिवस’सुद्धा. तेजस्विनीनं एकदा तिला खासगीत लिहिलं, की ते वाक्य वगळा. ‘अहो पण लोकांना तेच सगळ्यात आवडतं,’ असं उत्तर आलं, पुढं हात जोडलेले.

त्यांच्याच खालच्या गाळ्यात दशरथ नावाच्या माणसाचं औषधांचं दुकान होतं. त्याला शिकलेला फार्मासिस्ट हवा होता, अर्धा दिवस तरी. तेजस्विनी फार्मसीच शिकलेली होती, पण फार्मासिस्ट म्हणून तिची नोंदणी केव्हाच मुदतीबाहेर गेली होती. तिनं ती पुन्हा करायला टाकली आणि ती झाल्यावरच घरात विषय काढला. या वेळी भाषण घोकलं नव्हतं.

सर्जेराव म्हणाले, “आपल्याच गाळ्यात भाडेकरूच्या हाताखाली? लोक काय म्हनतील? त्यापरीस त्याला उठवतो आन् तुलाच दुकान टाकून देतो.”

“त्याला उठवू नका, मामा. त्याचं चांगलं चाललंय. मला दुकान नको. मला सकाळचे चार तास कामाला जायचंय.”

“आन् हिला कोन बघंल?”

“चार तासांसाठी बाई ठेवू.”

“परकी बाई हिच्या अंगाला हात लावनार न्हाई,” सर्जेराव म्हणाले. बोलणं आनंदीबाईंच्या खोलीच्या दारातच चाललं होतं. आतून जड जिभेनं आनंदीबाई म्हणाल्या, “ठेवा... बाई. चालंल मला.”

सर्जेरावांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि ते खाली निघून गेले. रणजित रात्री म्हणाला, “दिवाळीपर्यंत थांब. मी बोलतो त्यांच्याशी.” तो बोलला नाही. दशरथनं मात्र जागा अजून भरलेली नाही. तो जिन्यात दिसला की विचारतो, “काय ठरलं, वहिनी?” आणि ती म्हणते, “कळवते.” आता तिनं ठरवलंय, की पुढच्या खेपेला घरात विचारायचं नाही, सांगायचं. पण तो दिवस कुठला, ते ती ठरवू शकलेली नाही.

कौशल्या अधूनमधून फोन करते. तिनं आणि वैजनाथनं पाळ्या वाटून घेतल्या, सासू गावीच राहिली, रुपाली घरी शिकते आणि गाण्याच्या बाईंकडे जाते. कौशल्यानंच तेजस्विनीचा नंबर इतर बायांना द्यायला सुरुवात केली. ग्रुपमध्ये शिरायच्या आधी ज्या घुटमळतात, त्या आता तिला दुपारी फोन करतात. तिला लिहायचं नसतं, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. ती फोन उशाशी स्पीकरवर लावून ठेवते आणि आनंदीबाईंची वळलेली बोटं एकेक करून उघडत बसते.

परवाच्या बाईचा आवाज अगदी तरुण होता. तिनं मुलाचं सगळं सांगितलं, शाळेचं सांगितलं, आणि विचारलं, “मग मी नोकरी सोडू का?”

“ते नंतर बघू,” तेजस्विनी म्हणाली. “आधी सांगा, घरात अजून कोण कोण आहे? आणि तुम्ही सोडते म्हणालात तेव्हा ते काय म्हणाले?”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला, मग ती बोलू लागली. तेजस्विनीनं सासूचा अंगठा धरून हळू मागे वळवला. एरवी दुखतं म्हणून त्या हात ओढून घेत. आज घेतला नाही. त्यांचे डोळे फोनकडे लागले होते, आणि त्याही ऐकत होत्या.